‘सोयीनुसार’ हा शब्द खोडा: वेगळं झाल्यावर पालकत्वाचा आराखडा कसा लिहायचा

आमच्या पहिल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींमध्ये, लेकीबद्दल दोनच ओळी होत्या. ‘मुलीचा ताबा आईकडे राहील. वडिलांना परस्पर संमतीने व सोयीनुसार मुलीस भेटता येईल.’ सही करताना दोघांनाही वाटलं, किती समजूतदारपणे मिटवलं आपण. पुढचे आठ महिने आम्ही त्या एका शब्दावरून भांडलो. तिच्या बाबाची सोय रविवारी सकाळी, माझी शनिवारी दुपारी, आणि दोघांचे फोन होईपर्यंत सात वर्षांची पोर पायात सँडल घालून सोफ्यावर बसलेली. शनिवारी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न असायचा, “आज मी कुणाकडे?”

शेवटी पुन्हा समुपदेशकांकडे गेलो. बाईंनी आमची गाऱ्हाणी अर्धा तास ऐकून घेतली, एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “हक्कांचं नंतर बघू. तुमच्या मुलीचा सोमवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंतचा आठवडा आधी लिहा.” त्या कागदातून आमचा नऊ पानांचा आराखडा झाला. कोर्टात आणि बोलण्यातही त्याला सर्रास ‘पॅरेंटिंग प्लॅन’ म्हणतात. तो कसा लिहायचा, हे मला आधीच कुणी सांगितलं असतं तर ते आठ महिने लेकीच्या वाट्याला आले नसते. म्हणून हा लेख.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. घरात मारहाण झाली असेल, मुलाला इजा किंवा लैंगिक त्रास झाल्याची शंका असेल, समोरच्याचं व्यसन मुलाच्या जिवावर बेतण्यासारखं असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. तिथे समोरासमोर बसून आराखडा लिहायच्या फंदात पडू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीमुळे मुलाला धोका असेल तर न्यायाधीश भेट नाकारू शकतात. महिला हेल्पलाइन 181, मुलांसाठी 1098. आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

1. या कागदाला कायद्यात जागा कुठे, ते समजून घ्या

पालकत्वाच्या आराखड्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने 2015 मध्ये आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती, पण कायद्यात तशी दुरुस्ती झालेली नाही. तरीही दोघांनी मिळून लिहिलेला आराखडा तडजोडीच्या अटींचा भाग म्हणून कोर्टापुढे ठेवता येतो. त्यावर हुकूम झाला की त्याला बळ येतं.

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट चालू असेल तर मुलांबाबतचे आदेश कलम 26 खाली होतात. विवाह दुसऱ्या कायद्याखाली झाला असेल, तर त्या कायद्यात बहुधा तशी तरतूद असते, आणि 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सर्वांसाठी आहेच. सगळीकडे कसोटी एकच, मुलाचं हित. आईचा हट्ट किंवा बापाचा मान त्यात मोजला जात नाही.

‘मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईचं, मग बापाचं’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात एवढंच म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचव्या वाढदिवसाला मूल आपोआप बापाकडे जातं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. नोटरीकडे जाऊन स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. तुमच्यात काय ठरलं होतं, याचा पुरावा म्हणून त्या कागदाचा उपयोग होईल, पण तो कोर्टाच्या हुकुमाची जागा घेऊ शकत नाही. उद्या एकाने शब्द फिरवला तर त्या कागदावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येत नाही.

2. फाइल करा

एकच फाइल, दोन संच. दोन्ही घरांत एकसारखी कागदपत्रं असली की निम्मे फोन वाचतात. आमच्या फाइलमध्ये हे आहे:

- मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, पासपोर्ट असल्यास त्याची प्रत
- दोघांचं आधार, पॅन, विवाह नोंदणीचा दाखला
- शाळेचं बोनाफाइड, चालू वर्षाचं फीचं वेळापत्रक, मागच्या वर्षाच्या पावत्या, प्रगतिपुस्तक
- शाळेची वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी (ही सर्वांत जास्त लागते)
- लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर
- मेडिक्लेमचं कार्ड, दोन्ही बाजूंनी
- मुलाच्या नावावरची खाती, मुदतठेवी, विमा
- दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- आधी झालेला कोर्टाचा कुठलाही आदेश

पोटगीचा प्रश्न कोर्टापुढे असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात तसं ठरवून दिलं आहे. त्यामुळे उत्पन्न लपवून आराखडा करायला जाऊ नका, ते पुढे उघडं पडतंच.

आधारबद्दल एक बारीक गोष्ट. मुलाच्या आधारला कुणाचा मोबाइल जोडलाय ते आत्ताच बघा. 5 व्या आणि 15 व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. ते कोण करून आणणार, हे आराखड्यात एका ओळीत लिहून टाका.

3. आधी मुलाचा आठवडा लिहा, आपला नाही

एका मोठ्या कागदावर सात रकाने आखा. मूल किती वाजता उठतं, शाळेची बस कुठे येते, डब्यात काय जातं, क्लास कुठल्या वारी, कुठल्या दिवशी पीटीचा पांढरा ड्रेस, झोपताना काय लागतं. हे लिहिताना आम्हाला दोघांनाही धक्का बसला. लेकीचा पोहण्याचा क्लास मंगळवारीही असतो, हे तिच्या बाबाला माहीत नव्हतं. आणि तिला रात्री पॅसेजमधला दिवा चालू लागतो ही सवय बाबाकडे असताना लागली, हे मला माहीत नव्हतं.

मुलाच्या वयाचा विचार इथेच करा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसांचं अंतर कळत नाही. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा दोन तास भेटणं जास्त झेपतं. शाळकरी मुलाला रात्रीचा मुक्काम चालतो. तेरा-चौदाच्या पुढे मित्र, क्लास, सामने यांना जागा सोडावीच लागते.

मुलाचं मत विचारा, पण त्याच्यावर निवाडा टाकू नका. “तुला कुणाकडे राहायचंय?” हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, आजीनेही नाही. मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची इच्छा लक्षात घेऊ शकतं, ते काम तिथेच होऊ द्या. आपण विचारायचं ते असं: “बाबाकडे जाताना सोबत काय न्यायला आवडेल?”

4. भेटीचं वेळापत्रक: वार, वेळ, जागा

आता ‘सोयीनुसार’, ‘शक्यतो’, ‘परस्पर संमतीने’, ‘योग्य वेळी’ हे शब्द एकेक करून खोडा. ज्या दिवशी तुमचं पटत असतं त्या दिवशी कागद बघावाच लागत नाही. कागद लागतो तो पटत नसतं त्या दिवशी, आणि त्या दिवशी असे शब्द वाळूसारखे हातातून निसटतात.

लेकीचे बाबा बँकेत. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. म्हणून आम्ही लिहिलं, ‘दुसऱ्या व चौथ्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर’. वर्षभरात त्याचाही घोळ झाला. महिना शनिवारी सुरू झाला की दुसरा शनिवार येतो 8 तारखेला आणि दुसरा शुक्रवार 14 ला! ऑगस्ट 2026 चं कॅलेंडर काढून बघा, नेमकं तसंच आहे. आता आमचं कलम असं आहे, हवं तर तसंच उतरवून घ्या:

‘प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी मुलगी शाळा सुटल्यावर वडिलांकडे जाईल. वडील तिला दुपारी 3 वाजता शाळेच्या मुख्य फाटकावरून घेतील व सोमवारी सकाळी 7.30 वाजेपर्यंत शाळेत पोहोचवतील. शुक्रवारी शाळेला सुट्टी असल्यास सकाळी 10 वाजता आईच्या इमारतीच्या फाटकावरून घेतील. सोमवारी सुट्टी असल्यास त्या दिवशी सायंकाळी 6 वाजता तेथेच आणून सोडतील.’

‘एक आड एक शनिवार’ असं लिहिणार असाल तर पहिली तारीख घाला. ‘दिनांक अमुकपासून एक आड एक’ असं लिहिलं नाही, तर पाच शनिवारांचा महिना आला की मोजणीवरून वाद ठरलेला.

उशीर आणि चुकलेली भेट यांचंही लिहा. आमच्याकडे असं: तीस मिनिटांपर्यंत थांबायचं, त्यापुढे मेसेज नसेल तर त्या दिवसाची भेट रद्द. मूल आजारी असेल तर भेट रद्द होत नाही, फक्त जागा बदलते. वडील येऊन तिच्याजवळ दोन तास बसू शकतात. बुडालेली भेट पुढच्या पंधरा दिवसांत भरून द्यायची. “ताप आहे, पाठवत नाही” हे वाक्य किती भांडणांचं मूळ आहे, ते या वाटेने गेलेल्या कुणालाही विचारा.

5. ने-आण आणि दप्तर

मुलाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या दाराकडून त्या दाराकडे जातानाच्या पाच मिनिटांत. म्हणून होईल तितकी ने-आण शाळेच्या फाटकावर ठेवा. शुक्रवारी एकाने सोडायचं, दुसऱ्याने घ्यायचं. दोघं समोरासमोर येत नाहीत, मुलाला कुणाचा चेहरा वाचावा लागत नाही. घरूनच न्यायचं असेल तर फाटकावरून. जिन्यात, दारात, शेजाऱ्यांसमोर पैशाचा किंवा कोर्टाचा एक शब्दही काढायचा नाही, हे कलम म्हणूनच घाला.

आमच्या आराखड्यात दप्तरासाठी वेगळा परिच्छेद आहे. त्याचं कारण सांगते. लेक तिसरीत असताना, आराखडा होण्याआधी, एका रविवारी रात्री साडेनऊला तिच्या लक्षात आलं की परिसर अभ्यासाची वही बाबाकडे राहिली. दुसऱ्या दिवशी वही तपासणी. ती रडली नाही. नुसती दप्तराची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. बाबा वाकडहून कोथरूडला स्कूटरवर पावसात वही घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतही वहीच्या कडा भिजल्या होत्या. मी एकेक पान इस्त्रीने वाळवलं, आणि ती शेजारी उभी राहून म्हणाली, “आई, बाबाला ओरडू नको, मीच विसरले.” सात वर्षांच्या मुलीने आपली चूक नसताना ती अंगावर घ्यावी, अशी वेळ आम्ही तिच्यावर आणली होती.

त्यानंतर बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच घेतला. फार खर्च येत नाही. दोन्ही घरांत कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलेली आहे: वह्या, डायरी, चष्मा, पाण्याची बाटली, गणवेश, पीटीचे बूट. शुक्रवारी यादी मी बघते, सोमवारी तो. ती जबाबदारी मुलीची नाही. अंतर्वस्त्रं, पायजमा, टूथब्रश, एक पांघरूण दोन्हीकडे कायमचं असावं. मूल पाहुण्यासारखं बॅग घेऊन गेलं की ते घर त्याला आपलं वाटत नाही.

6. सण आणि सुट्ट्या: तारीख नको, तिथी लिहा

इथे भले भले फसतात. ‘दिवाळीचे चार दिवस, 20 ते 23 ऑक्टोबर’ असं कलम पुढच्या वर्षी निकामी होतं. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक महिना आल्यामुळे ती थेट 14 सप्टेंबरला. म्हणून सण नावाने आणि तिथीने लिहा. ईद चंद्रदर्शनावर ठरते, तर ‘ईदच्या आदल्या सायंकाळपासून’ असं लिहा. नाताळाची तारीख ठरलेलीच.

दुसरं, सगळ्याचे समान तुकडे पाडू नका. त्याच्या घरी चिपळूणजवळच्या गावी पाच दिवसांचा गणपती असतो. माझ्या माहेरी गणपतीच बसत नाही. मग एक वर्ष आड गणपती वाटून घेण्यात काय अर्थ? लेक दरवर्षी गावी जाते, चुलत भावंडांत आरत्या म्हणते, मोदक वळते. बदल्यात पाडवा आणि भाऊबीज दरवर्षी माझ्याकडे, कारण तिचे मामेभाऊ इथे पुण्यात. वसुबारस ते लक्ष्मीपूजन मात्र एक वर्ष आड. ज्या घरात जो सण खरोखर जिवंत आहे, तिथे तो मुलाला मिळाला पाहिजे.

आमच्या यादीत आणखी हे आहे: राखी, संक्रांत, दोन्ही पालकांचे वाढदिवस, गावची जत्रा, जवळच्यांची लग्नं-मुंजी. लेकीच्या वाढदिवसाला ती ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे सकाळ, दुसऱ्याकडे संध्याकाळी 5 ते 8. घरातल्या मृत्यूबद्दलही लिहा. आजी-आजोबांपैकी कुणी गेलं तर कुणाचीही पाळी असो, मूल तिथे जाईल.

सुट्ट्यांसाठी शाळेचं परिपत्रक हाच आधार धरा. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, विदर्भात त्याही थोड्या उशिरा, आणि सीबीएसईच्या अनेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. ‘मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस’ यापेक्षा ‘उन्हाळी सुट्टीच्या एकूण दिवसांचा पहिला अर्धा भाग’ हे पक्कं. कुणाचा पहिला अर्धा, ते सम आणि विषम वर्षांनुसार ठरवा. परीक्षेच्या आधीचा आठवडा मूल प्रवासात नसावं, हीही एक ओळ घाला. गणपती आणि घटक चाचणी एकमेकांवर आदळण्याचा अनुभव आम्ही घेतला आहे.

प्रवासाच्या तारखा किती आधी कळवायच्या? रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. आम्ही 75 दिवस ठेवलेत.

दरवर्षी दिवाळीनंतर नवीन कालनिर्णय आलं की आम्ही दोन प्रती घेतो. त्याचे दिवस हिरव्या पेनाने, माझे निळ्या. एक प्रत त्याच्या स्वयंपाकघरात, एक माझ्या. लेक आता “आज मी कुणाकडे?” असं विचारत नाही, भिंतीकडे बघते.

आराखडा अजून झालेला नसेल आणि सुट्टीतल्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागणार असेल, तर उन्हाळ्यासाठी मार्चमध्येच करा. मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी असते.

7. पैसा

थोडक्यात सांगते, कारण यात भावनेला जागा नाही. खर्चाचे तीन भाग करा. दरमहाचा खर्च: ठरलेली रक्कम, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात. वार्षिक खर्च: फी, पुस्तकं, बस, विमा. अवचित खर्च: दवाखाना, चष्मा, दातांच्या तारा, सहल. प्रत्येकात कुणाचा किती वाटा ते टक्क्यांत लिहा. फी शक्यतो थेट शाळेच्या खात्यात जावी, मधल्या हातांनी नको. किती रकमेच्या वरचा खर्च आधी विचारून करायचा, ती मर्यादाही घाला, आमची 5000 रुपये आहे. आणि दरवर्षी वाढ किती, हे विसरू नका. पहिलीच्या फीवर आठवीचं वर्ष निघत नाही.

“मला काही नको, फक्त मूल द्या” असं म्हणून बऱ्याच आया सही करतात. मी समजू शकते. पण पोटगी हा मुलाचा हक्क आहे, त्यावर आईला पाणी सोडता येत नाही. मुलाच्या पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली अर्ज व्हायचा, जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो.

सुकन्या समृद्धी खातं मुलीच्या नावावर एकच उघडता येतं. ते कोण चालवणार आणि पैसे कोण भरणार, हे लिहा. पुढे त्या पैशांचा उपयोग मुलीशिवाय कुणासाठी होणार नाही, हेही.

आणि सर्वांत वाईट सापळा. पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची, किंवा भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवायची. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे आराखड्यात स्पष्ट शब्दांत लिहून त्याखाली दोघांनी सही करा. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज आहे. मूल ही तारण ठेवायची वस्तू नाही.

8. निर्णय कुणी घ्यायचे

रोजचे निर्णय ज्याच्याकडे मूल आहे त्याने घ्यावेत. काय खायचं, कधी झोपायचं, कुठला सिनेमा. यात दुसऱ्याने नाक खुपसू नये. मोठे निर्णय दोघांनी: शाळा बदलणं, माध्यम किंवा बोर्ड बदलणं, शस्त्रक्रिया, मानसोपचार, मुंज किंवा इतर धर्मविधी, शहर बदलणं. तातडीची शस्त्रक्रिया असेल तर जवळचा पालक सही करेल आणि लगेच कळवेल, इतकं पुरे. शाळेला लेखी अर्ज देऊन दोघांचे नंबर नोंदवा. वर्गशिक्षिकेच्या मेसेजमध्ये दोघंही हवेत, पालकसभेला दोघांनाही मुभा हवी.

नावाबद्दल. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरलेला आहे. त्याआधी जन्मलेल्या मुलाचं नाव किंवा आडनाव दोघांच्या लेखी संमतीशिवाय बदलायचं नाही, हे लिहून ठेवा.

मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती असेल तर अर्जासोबत ‘अ‍ॅनेक्शर डी’ हा फॉर्म, एकाची नसेल तर ‘अ‍ॅनेक्शर सी’ भरावा लागतो. पासपोर्ट कुणाकडे राहणार, परदेश प्रवासाआधी किती दिवस कळवायचं, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता द्यायचा का, हे सगळं लिहा. दोघांपैकी एक दुबई, न्यू जर्सी किंवा लंडनला असेल, तर या कलमावर वकिलांकडून खास वेळ घ्या. पळवून नेलेल्या मुलांबाबतच्या 1980 च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. मूल परतलं नाही तर त्या करारातली सोपी वाट इथे मिळत नाही.

9. फोन, आजी-आजोबा आणि नवी माणसं

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं, की दूर असलेल्या पालकाला प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन आणि व्हिडिओ कॉलवरही मुलाशी बोलता आलं पाहिजे. वेळ ठरवा. आमची रोज संध्याकाळी 7.30, पंधरा मिनिटं. फोन स्पीकरवर ठेवायचा नाही, शेजारी बसून उत्तरं सुचवायची नाहीत, “विचार बाबाला पैसे कधी भरणार” असं सांगायचं नाही. मुलाच्या तोंडून निरोप पाठवणं पूर्ण बंद.

दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आराखड्यात नावानिशी जागा द्या. नवा जोडीदार आयुष्यात आला तर आधी दुसऱ्या पालकाला कळवायचं, मग मुलाची ओळख करून द्यायची. मुलाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे की नाही, ते एकदाच ठरवून टाका.

10. मतभेद झाला तर, आणि मूल मोठं झालं तर

वाद सोडवण्याच्या पायऱ्या लिहा. आमच्या अशा: आधी लेखी मेसेज, सात दिवसांत उत्तर. नाही जमलं तर दोघांना मान्य असलेली एक व्यक्ती, आमच्या बाबतीत तिची आत्या. मग समुपदेशक किंवा मध्यस्थी केंद्र. कोर्ट सर्वांत शेवटी.

दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी एक तास बसून आराखडा वाचायचा, हेही कलम ठेवा. मुलांच्या ताब्याचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब प्रकरणात हे सांगितलं आहे. परिस्थिती बदलली तर बदल मागता येतो, संमतीने झालेल्या आदेशातही. पाचवी, आठवी आणि दहावी ही आमच्या आराखड्यातली ठरलेली थांबण्याची ठिकाणं आहेत.

11. कोर्टात कसं न्यायचं

मसुदा आधी मराठीत लिहा. आपल्या भाषेत लिहिलेलं कलम वाचताना आईलाही कळतं, बापालाही कळतं. वकील इंग्रजीत करणार असतील तर सही करण्याआधी ओळीला ओळ लावून बघा. आमच्या पहिल्या अटी मी नीट न वाचताच सही केल्या होत्या, ती चूक माझी.

हिंदू विवाह कायद्याखाली संमतीने घटस्फोट घेत असाल तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल केल्यावर दुसऱ्या टप्प्यापर्यंत सहा महिन्यांचं अंतर असतं. ते माफ करता येतं, असं 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने स्पष्ट झालं. माझा आग्रह आहे, मूल असेल तर ते सहा महिने माफ करून घेण्याची घाई करू नका. तेवढे दिवस आराखडा प्रत्यक्ष चालवून बघा. कुठली वेळ जमत नाही, कुठलं कलम मुलाला काचतंय, ते कळतं. मग दुरुस्त केलेली प्रत अंतिम अटींना परिशिष्ट म्हणून जोडा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या करा, आणि हुकुमात ‘सोबतचा पालकत्व आराखडा या आदेशाचा भाग राहील’ असं वाक्य येईल हे बघा. ते वाक्य राहून गेलं तर आराखडा नुसता जोडलेला कागद ठरू शकतो.

मुंबईत कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पुण्यात शिवाजीनगरला. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात जावं लागतं. गोव्यात विवाह आणि घटस्फोटाचा नागरी कायदाच वेगळा आहे, तिथल्या वकिलांना विचारल्याशिवाय इथला नमुना वापरू नका. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्यापुढे आराखडा मांडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. हेल्पलाइन 15100.

हुकूम झाला की प्रमाणित प्रती मागा. किमान तीन: दोन घरांसाठी दोन, एक फाइलला. शाळेला पूर्ण हुकूम देऊ नका, त्यात तुमच्या संसाराच्या गोष्टी असतात. ने-आण कोण करणार आणि कुणाला कळवायचं, तेवढ्याच पानांची प्रत द्या आणि पोच घ्या. फाटकावरच्या वॉचमनकाकांनाही दोघांचे चेहरे दाखवून ठेवा. पहिल्या शुक्रवारी आमच्या लेकीच्या बाबाला त्यांनी अडवलं होतं, आणि ती फाटकाच्या आत दप्तर पाठीला लावून वीस मिनिटं उभी होती.